तेविसावं मिनिट

पेटी तिसऱ्यांदा उपसून झाली, तरी बन्सीला त्याची पोपटी जर्सी काही सापडेना.

"हितंच तर व्हती. नऊ नंबरची."

"फरशीचा पोचा केला असंल तिचा," त्याची बायको मालनबाई भाकरी थापता थापता म्हणाली. मान काही वर केली नाही. "पंधरा वरसांचं चिंधूक ते. पोटावर तरी बसलं असतं का?"

बन्सी चडफडला, पण वाद घालायला वेळ नव्हता. क्लबची मोसमातली शेवटची फुटबॉल मॅच चार वाजता होती. त्यानं पांढरा सदरा अंगात चढवला आणि बाहेर पडला.

बजाजनगरातला तो क्लब तेवीस कामगारांनी उभा केला होता. पाळी सुटली की घरी न जाता त्यांनी मुरूम फोडून मैदान सपाट केलं होतं. बन्सी त्या तेविसातला एक. गेल्या दिवाळीत एका शेठनं क्लब घेतला. घेतला कसला, गिळला. नाव गेलं, पोपटी रंग गेला, शेठच्या कंपनीचं नाव लिहिलेली काळी-सोनेरी जर्सी आली. आता मैदानावर गोदाम उठणार अशी बोलवा होती. म्हणून दर मॅचला तेविसाव्या मिनिटाला लोक उभे राहायचे आणि मैदानाकडं बघून पोपटी रुमाल हलवायचे.

आणि गोलात, काळ्या-सोनेरी जर्सीत, बन्सीचाच पोरगा प्रणय असायचा.

"मी सोडलं तर तिथं त्येंचा माणूस उभा ऱ्हाईल, अप्पा," असं तो एकदाच म्हणाला होता. बन्सी भरल्या ताटावरून उठला होता. त्यानंतर घरात बाप-लेकाचं बोलणं मालनबाईमार्फतच चालायचं.

आजचा बेत मात्र नवा होता. सकाळीच निजामुद्दीनच्या पंक्चरच्या दुकानात तो ठरला होता.

"रुमाल बघून शेठ हसतोय," बन्सी म्हणाला होता. "आज पुरं मिनिट त्याच्याकडं पाठ करायची."

"पाठ दाखवना मतलब तो भागना, बन्सीभाई."

"दावायची नाय, फिरवायची. आन् काय बी झालं तरी कुणी मान वळवायची नाय. फोन खिशात."

"खेळणाऱ्या पोरांना सांगू?"

"आजाबात नाय. घरभेद्याच्या कानावर गेलं की शेठला कळलंच."

घरभेदी कोण ते निजामुद्दीनला ठाऊक होतं. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिला.

चार वाजता पायऱ्या पोपटी झाल्या होत्या. चारशे माणसांत पांढरा सदरा एकट्या बन्सीचा. शेजारी निजामुद्दीन, त्याच्या खांद्याशी तीन वर्षांची नात, युसरा. समोरच्या बाजूला शेठचा मांडव, आणि अगदी जवळच्या गोलात प्रणय. पोरानं दोनदा पायऱ्यांकडं नजर टाकली. बन्सीनं दोन्ही वेळा ती चुकवली.

तेविसावं मिनिट लागलं. बन्सीनं हात वर केला. चारशे माणसं एकदम फिरली.

समोर आता नुसती भिंत आणि तिच्यापलीकडं कारखान्याची पाण्याची टाकी. मागं ओरडा चालू होता, पण इथं सगळं चिडीचूप. बन्सीचा ऊर भरून आला. निजामुद्दीनच्या खांद्याशी धरलेल्या युसराचं तोंड तेवढं मैदानाकडं होतं. ती खुदकन हसली आणि कुणाला तरी टाटा करू लागली.

"अप्पा!"

आवाज प्रणयचा होता. बन्सीनं दात आवळले.

"अप्पा, हिकडं बघा!"

पुढच्या पायरीवरच्या एकाची मान हलली. "मान सरळ," बन्सी दबक्या आवाजात म्हणाला. शेठनं विनवण्या करायला पोराला पुढं केलंय, हे त्याला कळून चुकलं होतं. आणखी एकदा हाक आली. मग चेंडूला बसलेली लाथ ऐकू आली, शिट्टी वाजली, मांडवातून शिवीगाळ उठली.

मिनिट संपलं. लोक वळले, तर चेंडू जाळीत पडलेला आणि गोल मोकळा. शेठचा मॅनेजर प्रणयला दंडाला धरून बाहेर नेत होता. पोराच्या अंगात जाड काळं जॅकेट होतं आणि त्याची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती. एप्रिलच्या उन्हात माणूस भाजून निघत होता.

पायऱ्यांसमोरून जाताना प्रणयनं वर पाहिलं.

"विकला गेला," बन्सी मोठ्यानं म्हणाला.

तो शब्द वरून खाली पायरीपायरीनं उतरत गेला. प्रणयनं मान खाली घातली.

दिवस कलताना बन्सी घराकडं निघाला. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. पोटच्या पोराला चारशे माणसांत बोललो, हे काही बरं झालं नाही. एखादा गोल कुणाच्या हातून सुटत नाही? सहा महिने पोर त्याच्या ताटाशेजारी यायचं टाळत होतं, आणि ते टाळायला लावणारा तोच होता. आज आपणच हाक मारायची, जेवायला शेजारी बसवायचं, असं ठरवून त्यानं अंगणात पाय टाकला.

दोरीवर पोपटी जर्सी वाळत होती. नऊ नंबर. तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"पोचा केला म्हणली व्हतीस ना?"

मालनबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिचे डोळे ओले होते.

"त्येनंच सांगू नको म्हणलं व्हतं. आतून घालून गेलता. समदे तेविसाव्या मिनिटाला उभे ऱ्हायले की वरची काढून फेकतो, म्हणला. अप्पांना दावायचंय. घरी आला, शेठनं काढून टाकलं येवढंच म्हणला. जर्सी धुतली, बॅग भरली आन् पुण्याची गाडी धरली."

बन्सीनं दोरीला हात लावला.

"जाऊ द्या, तुमी बघितलं, त्येला तेवढंच पायजे व्हतं," ती म्हणाली आणि जवळ आली. "सांगा की मला. कसा दिसत व्हता वो, तुमच्या जर्सीत?"