मी धाडसी असतो तर

"आय वेअर कसं? आय वॉज पाहिजे ना?" दौलतरावांनी विचारलं. भंडाऱ्याच्या वाचनालयात संध्याकाळी ज्येष्ठांसाठी इंग्रजीचा वर्ग भरायचा. हे निवृत्त पोस्टमन तिथे पहिल्या बाकावर बसायचे.

"जे खरं नाही, होणारही नाही, ते मनाशी रंगवताना 'वेअर'," शिकवणारी मुलगी म्हणाली. "मी पक्षी असतो तर, मी राजा असतो तर. आता शेजाऱ्याला एकेक वाक्य सांगा."

शेजारी मंदाकिनीबाई होत्या. निवृत्त नर्स, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेल्या. परदेशातल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून दोघंही इंग्रजी शिकत होती. खिडकीबाहेर तलावावर पिवळं ऊन तरंगत होतं. दौलतरावांनी एकदा तिकडे बघितलं. मग एकेक शब्द जुळवत इंग्रजीत म्हणाले, "मी धाडसी असतो, तर तुम्हाला माझ्यासोबत तलावावर फिरायला बोलावलं असतं."

मराठीत हे त्यांच्या तोंडून कधीच निघालं नसतं. इंग्रजीत ते दुसऱ्याच कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं, आणि तरी त्यांचे कान तापले.

मंदाकिनीबाईंनी वही मिटली. "वाक्य चुकलं तुमचं," त्या मराठीत हळूच म्हणाल्या. "बोलावलंत की आत्ता. मग 'वेअर' कशाला?"

वर्ग सुटायला अजून दहा मिनिटं होती. दौलतरावांना ती फार लांबलचक वाटली.