दसऱ्याचं कुंकू

लॅपटॉप सुरू होता होता पुन्हा अडकला. झाकणावर आईने काल दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू तसंच होतं.

"कुणी सांगितलं होतं याची पूजा करायला? आत कुंकू गेलं, वाट लागली त्याची!" तो आईवर ओरडला.

"चुकलं रे," म्हणत ती उठून बाहेर गेली.

त्याने लॅपटॉप उलटा करून झटकला, तेव्हा बाजूला तसाच खुपसलेला स्वतःचाच पेनड्राइव्ह दिसला. लॅपटॉप आतल्या डिस्कऐवजी त्याच्यावरूनच सुरू व्हायला बघत होता. तो काढताच सगळं सुरळीत चालू झालं.

आईला सांगायला तो अंगणात आला. तिचं शिलाई मशीन पुसून झालं होतं. आता ती ओल्या फडक्याने त्याच्या स्कूटरवरचं कुंकू पुसत होती.

"ही तरी बंद पडायची नाही ना रे?"