मुहूर्त मार्गशीर्षातला

सायलीला लग्न शेतातल्या चिंचेखाली, जवळच्या माणसांत करायचं होतं. नवरदेवालाही डीजे आणि पुढाऱ्यांचे सत्कार नको होते. पण तिचे आबा आष्टीजवळच्या एका गावचे सरपंच.

"एक घर जरी सुटलं, तर गाव मला जगू देणार न्हाई," ते म्हणाले.

"मग सगळ्यांना सांगा की आबा."

त्याच दुपारी तिनं गुरुजींना गाठलं आणि मार्गशीर्षातला मुहूर्त मागितला. तेव्हा निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यांवर असतं आणि पुढारी अधिवेशनाला नागपुरात. गुरुजींनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

तारीख ऐकून आबांनी कपाळाला हात लावला. तरी तोडीच्या टोळ्या निघायच्या आधी घरोघर जाऊन पत्रिका देऊन आले.

लग्नाला चिंचेच्या सावलीत मावतील एवढीच माणसं जमली. निघताना सायलीनं हळूच विचारलं, "आबा, सगळ्या गावाला सांगितलं नव्हतं का तुमी?"

"सांगितलं की. एक घर सोडलं न्हाई," आबा फेटा सोडत म्हणाले. "अन् गुरुजींकडं तुझ्या आधी, सकाळीच जाऊन आलतो."