मानेपासून तळव्यापर्यंत

सासरे सोडून घरातल्या सगळ्यांनी मलम लावून घेतलं होतं. सासूबाई आतल्या खोलीत पंख्याखाली हात अंगापासून लांब धरून बसल्या होत्या, नुकता रंग दिलेल्या खुर्चीसारख्या, कुणी टेकू नये म्हणून. नवरा गच्चीवर, मलम धुऊन जाऊ नये म्हणून रबरी हातमोजे घालून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या चादरी पिळत होता. दीड वर्षांच्या छकुलीच्या दोन्ही हातांवर मोजे चढवले होते. हात तोंडात घालायचंच तिचं वय.

उरलेली ट्यूब घेऊन सून पुढच्या खोलीच्या दारात उभी राहिली. पुढची खोली म्हणजे सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान. टेबलावर कापड पसरून ते खडूनं रेघ मारत होते. रेघ सरळच आली. मारून झाल्यावर मात्र त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला दोनदा घासलं.

"बाबा, तुमचं राहिलंय."

"मला काही झालेलं नाही. माझी खाज खळीची. नव्या कापडाला खळ असते, चाळीस वर्षं चावतेय."

"आईंचं पित्त होतं. ह्यांचा नायटा होता. माझी साबणाची ॲलर्जी आणि छकुलीचं घामोळं." सून एकेक बोट दुमडत गेली. "एका घरात पाच आजार, आणि खाजवायचा मुहूर्त सगळ्यांचा एकच. अंथरुणात ऊब आली की सुरू. डॉक्टरांनी छकुलीच्या बोटांची बेचकी भिंगातून पाहिली आणि एकच नाव सांगितलं."

"ते नाव दुकानात घेऊ नकोस." सासऱ्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "लोक विश्वासानं माझ्यापुढे उभे राहतात. उद्या कोण येईल?"

"ती घाण नव्हे, बाबा. किडा आहे, टाचणीच्या टोकाहून बारीक. कोण किती आंघोळी करतं ते तो बघत नाही. माप घेताना लागत नाही, असंही डॉक्टर म्हणाले." ती थांबली. "कुशीत झोपणाऱ्याला लागतो."

सासरे खडूचं टोक बघत राहिले. रोज दुपारी छकुली त्यांच्या छातीवर झोपे. दुसऱ्या कुणाकडे ती झोपतच नसे.

"मागच्या महिन्यात एकट्या तिला लावलं. तीन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. एक जण राहिला तरी हेच होणार."

"झाकली मूठ असू दे," सासरे म्हणाले.

दाराआड ठेवलेली लाकडी मापपट्टी आणून सुनेनं कापडावर ठेवली. "चादरी काढताना तुमच्या उशीखाली सापडली."

"विसरलो असेन."

"झोपेत कुणाचं माप घेत होतात?"

सासऱ्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असावं. ते फुटायच्या आत टपालवाला दुकानात शिरला, पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर करून सासऱ्यांपुढे उभा राहिला.

"कोटाचं माप तेवढं घेऊन टाका मास्तर. पोट आत ओढून आलोय, फार वेळ धरवणार नाही."

ते नाव सुनेच्या ओठांवर आलं होतं. तिनं ट्यूबचं झाकण घट्ट लावलं. सासऱ्यांनी गळ्यातली टेप काढली.

तेवढ्यात आतून पटपट पावलं वाजली. छकुली आली, टपालवाल्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिनंही मोज्यातले दोन्ही हात वर केले. तिच्या झोपेची वेळ झाली होती.

सवयीनं सासरे वाकले आणि अर्ध्यातच थांबले. हात त्यांनी पाठीमागे नेले. त्यांच्यापुढे दोघं हात वर करून उभे होते, एक पोट आत धरून, एक डोळे मिटत.

सासरे सरळ झाले. टेप चार बोटांभोवती गुंडाळत त्यांनी आपल्याच बेचक्यांकडे पाहिलं. मग गुंडाळी खिशात टाकली.

"आज नको. परवा या."

"का हो? बरं नाही का?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती मदतीला आली नाही.

"खरूज झालीय," सासरे म्हणाले. "घरात सगळ्यांना. मला पण. आज औषध लावायचंय."

टपालवाल्यानं हात खाली घेतले आणि पोट सोडून दिलं. "आमच्याकडे गेल्या साली होती. महिनाभर शेजाऱ्यांना सांगत होतो, डास चावलेत." त्यानं पिशवी उचलली. "परवा येतो. तोवर अजून एक इंच वाढवून ठेवतो."

तो गेल्यावर सासऱ्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं, गच्चीच्या जिन्याकडे तोंड करून मुलाला हाक मारली आणि सुनेच्या हातातून ट्यूब घेतली. मापपट्टीही घेतली, आणि तिच्या हाती दिली. "ही उकळायला टाक."

बापलेकांमागे मधलं दार लागलं. थोड्या वेळानं आतून सासऱ्यांचा आवाज येऊ लागला, मापं लिहून घ्यायला सांगताना यायचा तसा. "मान. खांदा. काख, काख सोडू नकोस. मनगट. बोटांच्या मधे. कंबर. मागं फिरू का?"

छकुली बंद दारापुढे हात वर करून उभीच होती.

"उद्या. तुझ्या आबांची आंघोळ होऊन मलम निघालं की," सून म्हणाली.

छकुलीनं हात खाली घेतले नाहीत.