चालू राहू दे

"इन्सुलिन फ्रिजमध्येच ठेवता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"फ्रिजमध्येच," भालचंद्रराव म्हणाले. रोज इंजेक्शन घेऊनही बायकोची साखर चढतच गेली होती. आता ती शुद्धीतही नव्हती.

फ्रिज मुलाने घेऊन दिलेला, पाच स्टारचा. "बाबा, हा वीज खातच नाही. चालू राहू दे." पण भालचंद्ररावांचा जीव मीटरमध्ये अडकलेला. सकाळी दूध काढलं की बटण बंद, ते संध्याकाळी चालू. अकोल्याच्या मे महिन्यातही. बिल कमी आलं की बायकोलाच कौतुकाने दाखवायचे.

औषधाच्या बाटल्या दिवसभर बंद फ्रिजमध्ये तापत होत्या, हे त्यांना दवाखान्याचा जिना उतरताना कळलं. पाय थबकले, पण सांगायला ते परत वर गेले नाहीत.

तिच्या तेराव्यानंतर रिकामा फ्रिज बंद करायला मुलाने हात पुढे केला.

"चालू राहू दे!" भालचंद्रराव ओरडले.