अप्पांचं घोंगडं

लिंगाप्पा हळ्ळीखेडहून कलबुर्गीला लेकीला परत न्यायला आले, तेव्हा घराला कुलूपच नव्हतं. तिथं लेक तेजश्रीसकट दणदणाटी पंक बँडमधली पाच पोरंपोरी एकत्र राहायची. येईल त्यानं जेवायचं आणि भांडी घासायची, एवढाच नियम. लिंगाप्पांनी जेवून आपलं ताट घासलं, मग म्हणाले, “तेजू, सामान भर.” “भरलंय, अप्पा. आवाजापायी मालकानं घर सोडा म्हणलंय. एकदा वाजवते, मग निघू.” तेजश्री ड्रमपाशी बसली आणि भिंती हादरल्या. बिरोबाच्या जत्रेत आयुष्यभर ढोल वाजवलेले लिंगाप्पा शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिले. “ह्या मोठ्या ड्रमचं पोट लई घुमायलंय,” ते म्हणाले. खांद्यावरच्या घोंगड्याला त्यांनी कधी कुणाचा पाय लागू दिला नव्हता. तेच घडी करून त्यांनी ड्रमच्या पुढच्या भोकातून आत कोंबलं. “आता परत वाजव. मी शेजारी मालकाच्या दारात थांबून ऐकतो, आवाज किती यायलाय ते.”