बाराच्या फोटोतली दहा विमानं

डोळे मिटा पाहू. छे, मिटलेत तर वाचाल कसं? उघडेच ठेवा आणि समोर हवाई दलाचा एक तळ आणा. लांबच लांब धावपट्टी, तिच्याशेजारी दहा विमानांसाठी आखलेले दहा मोठे पांढरे चौकोन, आणि कडेच्या सावलीत डबा उघडून बसलेली आठ वर्षांची एक मुलगी. शाळेला सुट्टी होती, म्हणून ती बाबांबरोबर आली होती. बाबा तळाचे खरेदी अधिकारी.

पहिल्या दोन चौकोनांत दोन लढाऊ विमानं उभी होती, अशी चकचकीत की त्यांच्यात बघून भांग पाडावा. तिसऱ्यात एक लाकडी विमान. बाकीचे सात चौकोन रिकामे.

"बारा वाजता शेजाऱ्यांचा उपग्रह डोक्यावरून जाणार आणि फोटो काढणार," तळप्रमुख घड्याळाकडे बघत म्हणाले. "आणि आपण जगाला सांगून बसलोय, दहा विमानं आहेत म्हणून. मोजा."

"तीन, साहेब," बाबा म्हणाले.

"दहांचे पैसे दिले होते ना तुम्हाला?"

"साधी घेतली असती तर दहा आली असती. तुम्ही म्हणालात, घ्यायचं तर एक नंबरच घ्या. एक नंबरची दोनच बसली. उरलेल्या पैशांत आठ लाकडी करायची ठरली. वरून काय, सारखीच दिसतात."

"मग आठ कुठायत?"

बाबांनी सुताराकडे बघितलं. सुतार लाकडी विमानाच्या शेपटीला दुसऱ्यांदा पॉलिश मारत होता.

"माझ्याकडे काय बघता? मी प्लायवूडची आठ देणार होतो, आठवड्याभरात," तो म्हणाला. "पण साहेब रोज फेरीला यायचे. म्हणाले, सागवान लावा. मग म्हणाले, चाकं फिरली पाहिजेत. मग आत खुर्ची. मग खुर्चीला पट्टा."

"लाकडी विमानाला पट्टा?" बाबांच्या तोंडून निघून गेलं.

"सुरक्षेत तडजोड नाही," तळप्रमुख खाकरले. "ते असू दे. खरेदी तुमची. साडेअकरा झालेत. फोटोत दहा दिसली नाहीत, तर उद्यापासून तुमची बदली वाळवंटातल्या गोदामात."

बदली म्हटल्यावर मुलीचा घास तोंडातच राहिला. ही तिची चौथी शाळा, आणि इथे कुठे पहिल्यांदा तिला बाकावर मैत्रीण मिळाली होती.

तिने घास गिळला. "काका, उपग्रहाला किती बारीक दिसतं?"

"माझ्या माहितीत, नुसता आकार," तळप्रमुख म्हणाले. "नाक, पंख, शेपूट. तू जेव बघू."

"आणि तळावर माणसं किती?"

"एकशे चाळीस. स्वयंपाकी धरून."

मुलगी बोटांवर काहीतरी मोजू लागली. बोटं संपली तेव्हा बाबांची घेतली. "एका चौकोनाला वीस," ती पुटपुटली. "बरोब्बर!"

"कसले वीस?" सुताराने विचारलं.

तिने डब्याला झाकण लावलं, पळत चौथ्या चौकोनात गेली आणि त्याच्या टोकाला पालथी पडली. हात डोक्यापुढे नेऊन तिने तळवे जोडले, छान टोकदार.

"मी नाक!" तापलेल्या जमिनीवरून ती ओरडली. "बाबा, तुम्ही शेपटीला जा. काका, भोंगा वाजवा आणि डाव्या पंखात या. टोपी काढून!"